एका फोनवर मिटेल ते प्रेमप्रकरण कसलं?

मंडळी, कार्यकारिणीच्या सभेत भलत्या वेळी तोंड उघडलं की काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही फक्त एवढंच म्हणालो होतो, की हिवाळ्यात दरवर्षी तोच तो ऐतिहासिक चित्रपट दाखवण्याऐवजी एखादा हलकाफुलका, प्रेमाचा आणि हसवणारा सिनेमा दाखवायला काय हरकत आहे? दुसऱ्या मिनिटाला ठराव मंजूर झाला आणि सिनेमा निवडायचं काम आमच्याच गळ्यात पडलं. वर अटी. सिनेमा अडीच तासांच्या आत संपावा, कारण शाळेचा हॉल रात्री दहाला परत द्यायचा असतो. आजी-आजोबा, आई-वडील आणि इथे जन्मलेली मुलं एकाच हॉलमध्ये बसणार, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता छताकडे बघत बसावं लागेल असा प्रसंग त्यात नको. आणि लोक हसले पाहिजेत.

आम्ही पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. गाडीच्या गिअरबॉक्समधून आवाज का येतो हे शोधण्यात उभी हयात चाललेली. त्यामुळे काम अंगावर आल्यावर आम्ही ते इंजिनियरसारखंच केलं. आधी चाचणी, मग निवड. डिसेंबर-जानेवारीतले सहा शनिवार मुक्रर केले, बेसमेंटमध्ये पडदा लावला आणि परीक्षक मंडळ नेमलं: आमच्या सौ., सोळा वर्षांची कन्या, आमचे बाबा आणि आम्ही स्वतः.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्या वर्षी मे महिन्यात गेली, त्यानंतर आम्ही त्यांना डोंबिवलीहून इकडे आणलं. ते जेवत, फिरायला जात, औषधं वेळेवर घेत, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत. पण आपणहून बोलायचे ते बंदच झाले होते. आमच्या घरात बाबांचा आवाज म्हणजे रात्री साडेनऊला ‘मी पडतो आता’ एवढाच. परीक्षक मंडळात त्यांना घेतलं ते त्यांना खाली एकटं वाटू नये म्हणून. मत द्यावं अशी अपेक्षा कुणाची नव्हती.

पहिला शनिवार आम्ही मुद्दाम मूळ पुरुषापासून सुरू केला. फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’, साल 1934. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर. चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका, पटकथा ही पाचही मोठी ऑस्करं एकाच सिनेमाने पटकावली, असं त्या वर्षी पहिल्यांदा घडलं. गोष्ट तुम्हाला पाठ आहे, भले तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल. श्रीमंत बापाची हट्टी मुलगी घरातून पळते, बसमध्ये तिला नोकरी गेलेला एक बातमीदार भेटतो, दोघं भांडत भांडत प्रवास करतात आणि मुक्कामाला पोचेपर्यंत प्रेमात पडतात. आपल्याकडे तो 1956 साली ‘चोरी चोरी’ झाला, राज कपूर-नर्गिस. मग 1991 साली ‘दिल है के मानता नहीं’ झाला, आमिर खान-पूजा भट. एक नकाशा, तीन इमारती. इंजिनियरला याहून काय हवं? डिझाइन तेच, माल बदलला, तर इमारत उभी राहते का ते तपासता येतं.

आम्हाला त्या जुन्या सिनेमातली एक गोष्ट फार आवडते. रस्त्याकडेच्या साध्या लॉजमध्ये दोघांना एकाच खोलीत रात्र काढावी लागते. पैसे नाहीत. तेव्हा नायक दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो आणि त्यावर एक घोंगडी टाकतो. झाली भिंत! बायबलमधल्या जेरिकोच्या तटबंदीचं नाव तो त्या घोंगडीला देतो. आता विचार करा. खरी विटांची भिंत असती तर सिनेमा तिथेच संपला असता. पलीकडचं ऐकू येत नाही, दिसत नाही, विषय संपला. आणि काहीच नसतं तर वेगळ्या प्रकारे संपला असता. पण घोंगडीच्या पलीकडून आवाज येतो, कूस बदललेली कळते, हात लांब केला तर ती सहज बाजूला करता येते, आणि दोघांपैकी कोणीही ती बाजूला करत नाही. शेवटी ती पडते तेव्हा आपल्याला नायक-नायिका दिसतसुद्धा नाहीत, आणि तरी हॉलमधले सगळे खूश होतात.

गिअरच्या दोन चाकांचे दाते एकमेकांत बसवताना मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फट ठेवली नाही तर तापून जाम होतात. जास्त ठेवली तर खडखडाट होतो आणि गिऱ्हाईक गाडी परत घेऊन येतं. आमच्या मते प्रेमाच्या विनोदी सिनेमाचं नव्वद टक्के यश या फटीच्या मापात आहे. कन्या म्हणाली, “बाबा, प्लीज, गिअर नको.” असो.

‘चोरी चोरी’त गाणी इतकी सुंदर आहेत की गोष्ट मध्येच थांबली तरी कुणाची तक्रार नसते. हट्टी मुलगी इथे नर्गिस आहे, आणि कठपुतळीच्या नाचात ती अशी काही खुलते की आमच्या सौ.नी मोबाईल खाली ठेवला, ही आमच्या घरात मोठीच पावती. ‘दिल है के मानता नहीं’ मात्र आता पाहताना कानाला जड गेला. आमिर फार ओरडतो. पण त्यात अनुपम खेरचा बाप आहे, आणि भर लग्नात मुलीला ‘पळ’ म्हणून सुचवणारा बाप हे या नकाशातलं खरं गुपित आहे. पळून जाणाऱ्या मुलीची गोष्ट बापाच्या संमतीने संपते! मूळ सिनेमात नायिकेचं तिच्या त्या वैमानिकाशी आधीच लग्न झालेलं असतं. आपल्याकडच्या दोन्ही आवृत्त्यांत तो फक्त व्हायचा नवरा आहे. एवढी डागडुजी हिंदुस्थानच्या हवामानासाठी करावीच लागली असावी.

आणखी एक. शेवटी बातमीदार मुलीच्या बापाकडे जातो. बापाने मुलीला शोधणाऱ्यासाठी दहा हजार डॉलर जाहीर केलेले असतात. हा पठ्ठ्या मागतो फक्त प्रवासात झालेला खर्च: 39 डॉलर 60 सेंट. पै-पैचा हिशेब. आपल्यापैकी जे विद्यार्थीदशेत तीन रूममेट्सबरोबर किराण्याच्या पावत्या फ्रिजवर लावत होते, त्यांना या माणसाचा मोठेपणा लगेच कळेल. प्रेमाचा कबुलीजबाब हिशेबाच्या वहीतून द्यायचा, हे सुचायला लेखक हुशारच लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारपर्यंत आम्ही एक कसोटी तयार केली होती. तिचं नाव फोन-कसोटी. सिनेमा मध्यावर थांबवायचा आणि विचारायचं: या दोघांपैकी एकाने आत्ता दुसऱ्याला एक फोन केला, तर प्रश्न सुटेल का? सुटत असेल तर तो सिनेमा नापास. त्याने तिला दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलं, ती त्याची बहीण निघाली, मध्ये एक तास रडारड. एका फोनचं काम! असले शेकडो सिनेमे आपण पैसे देऊन पाहिले आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत विमानतळावर धावत सुटणारे नायकही आम्ही याच वर्गात टाकतो. शिवाय 2001 सालानंतर या देशात तिकिटाशिवाय गेटपर्यंत पोचून दाखवावंच कुणी.

उलट ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ घ्या. साल 1989, लेखिका नोरा एफ्रॉन, दिग्दर्शक रॉब रायनर. शिकागोहून न्यूयॉर्कपर्यंत एका गाडीतून दोघं भांडत जातात आणि मग एकत्र यायला त्यांना बारा वर्षं लागतात. या दोघांना एकमेकांचे फोन नंबर ठाऊक आहेत. रात्री रात्री ते फोनवरच असतात! अडचण तारेत नाहीच मुळी, हॅरीच्या डोक्यात आहे. बाई आणि पुरुष नुसते मित्र राहू शकत नाहीत असा त्याचा सिद्धांत, आणि त्या सिद्धांताला धरून बसल्यामुळे बारा वर्षं समोर बसलेली मैत्रीण त्याला दिसत नाही. तोही शेवटी धावतो, पण रस्त्याने, स्वतःच्या पायांनी. हा सिनेमा आम्हाला मनापासून आवडतो. मंडळाच्या यादीत मात्र घेता आला नाही. उपाहारगृहातला तो प्रसिद्ध प्रसंग आठवा आणि शेजारी आपल्या सासूबाई बसल्या आहेत अशी कल्पना करा. छताकडे बघायलाही जागा उरणार नाही.

आपल्या मराठीने हे गुपित फार पूर्वी ओळखलं होतं. 1938 सालचा ‘ब्रह्मचारी’. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. भाषण ऐकून भारावलेला तरुण आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि मग मीनाक्षी त्याच्यासमोर येते. तिच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा केवढा गहजब झाला होता हे आमच्या आजीकडून ऐकलेलं. सांगायचा मुद्दा, इथे बाप आडवा येत नाही, जात आडवी येत नाही, पैसा आडवा येत नाही. त्या बिचाऱ्याच्या वाटेत उभा आहे तो स्वतः. कितीही फोन करा, काय उपयोग?

चौथ्या शनिवारी कन्येच्या आग्रहाने ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ झाला. 1995. लंडन, युरोपची रेल्वे, पंजाबातली मोहरीची शेतं. मुंबईला ‘मराठा मंदिर’मध्ये तो वर्षानुवर्षं चालू राहिला हे सगळ्यांना ठाऊक आहे. लांबी तीन तासांच्या वर, म्हणजे आमच्या यादीतून आपोआप बाद. पण आमच्या कसोटीला तो उतरला. अडथळा बाहेरचाच आहे, साक्षात अमरीश पुरी. परंतु नायिकेची आईच ‘पळून जा’ म्हणते आणि नायक नाही म्हणतो. तिथे बाहेरचा अडथळा त्याने स्वतःहून आत घेतला. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आईबापांना हा सिनेमा का आवडतो, यावर आम्ही फार बोलत नाही.

त्याच आठवड्यात ‘मुंबई-पुणे-मुंबई’ही पाहिला, 2010 सालचा. सतीश राजवाडे दिग्दर्शक, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. ठरवून होणाऱ्या लग्नात विनोदी प्रेमकथा कशी बसवायची, हा आपला खास मराठी प्रश्न. दोन्ही घरं राजी, पत्रिका जुळली, मुलगा अमेरिकेत. मग गोष्ट घडणार कशी? या सिनेमाने तो प्रश्न उलटा करून सोडवला. घरच्यांचा होकार हाच अडथळा. सुचवलेल्या स्थळाला नाही सांगायला मुंबईची मुलगी पुण्यात येते, भलत्याच मुलाबरोबर दिवस घालवते, आणि तो भलता नसतोच. दोन माणसं, एक शहर, एक दिवस. खर्च कमी, फट बरोबर मापाची. मुंबई की पुणे यावर ते दोघं भांडतात तेव्हा आमच्या बेसमेंटमध्येही दोन तट पडले. सौ. सदाशिव पेठेतल्या आहेत.

इथे कन्येने अवघड प्रश्न विचारला. “तुमच्या दोघांची स्टोरी काय आहे?” आम्ही म्हणालो, काही नाही. 2007 साली तीन आठवड्यांच्या रजेत आम्ही मुली पाहिल्या, नवव्या घरी पोहे खाल्ले, वीस मिनिटं गच्चीवर बोललो, बाराव्या दिवशी लग्न. अडथळाच नाही, तर गोष्ट कसली? सौ. शांतपणे म्हणाल्या, “आणि व्हिसाची तारीख मिळेपर्यंतचे चार महिने? तू कॉलिंग कार्डं घेऊन दुकानाबाहेरच्या गाडीतून फोन करायचास, आणि ती बाई मध्येच सांगायची की एक मिनिट उरलं. तुझ्या कसोटीत आपण नापास. आपलं सगळं फोनवरच झालं.” आम्ही गप्प. सिद्धांताला अपवाद सापडला की इंजिनियर तो तळटीपेत टाकतो. आमच्या घरात तळटीप चालली नाही, जेवणाच्या टेबलावर तीन दिवस तोच विषय होता.

पाचव्या शनिवारी ‘छोटी सी बात’ लागला. 1976, बासू चटर्जी, अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा. कथेचं मूळ ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या 1960 सालच्या ब्रिटिश सिनेमात आहे, पण बासूदांनी ते मुंबईच्या बसस्टॉपवर असं काही उभं केलं की परकेपणा पार पुसला गेला. फोर्टातल्या कचेरीत काम करणारा भिडस्त अरुण. रोज त्याच स्टॉपवर येणारी प्रभा. स्कूटरवरून मध्ये घुसणारा, सगळ्यात वरचढ असलेला असरानीचा नागेश. आणि खंडाळ्याला राहून भिडस्त लोकांना धीट करणारा अशोककुमारचा कर्नल. अडथळा कुठे आहे? अरुणच्या घशात. शब्द फुटत नाही. फोन हातात दिला असता तर त्याने चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला असता.

पहिली वीस मिनिटं झाल्यावर कन्येने सिनेमा थांबवला. तिचं म्हणणं, हा माणूस एका मुलीच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो, याला इथे पोलिसात देतील. आम्ही बचावाला उठलो आणि मध्येच बसलो, कारण तिचं अगदीच चूक नव्हतं. त्या काळच्या निम्म्या हिंदी सिनेमांत नायक हेच करतो आणि आपण त्यावर गाणी म्हणत आलो. सौ.नी वेगळा मुद्दा काढला. प्रभाचा चेहरा बघ, म्हणाल्या. तिला सगळं ठाऊक आहे, तिला गंमत वाटते आहे, आणि नोकरी करणारी, स्वतःच्या पैशाने कॉफी पिणारी ती मुलगी कुणाला घाबरलेली नाही. अरुणला जी भीती वाटते ती तिला वाटत नाही, म्हणून ते विनोदी आहे. उलट झालं असतं तर तो भीतीचा सिनेमा. कन्या म्हणाली, ठीक आहे, पण हॉलमध्ये दाखवाल तेव्हा आधी हे सांगा. आम्ही सांगितलं.

आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, “बस फार लवकर येते यांची.”

आम्ही तिघंही वळलो.

“फाउंटनला एवढ्या लवकर येत नसे. आणि आली तरी आम्ही सोडायचो.”

मग ते बोलायला लागले. 1975 साली लग्न झालं तेव्हा गिरगावातल्या दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं होतो, म्हणाले. आजोबा, आजी, दोन काका, एक आत्या, एक शिकायला आलेला लांबचा भाचा आणि हे दोघं. रात्री गॅलरीत काका, स्वयंपाकघरात आजी. नव्या नवरा-बायकोला एक वाक्य बोलायचं तरी सहा जण ऐकणार. आई तेव्हा फोर्टात एका विमा कंपनीत टायपिस्ट होती, बाबा शेजारच्या इमारतीत. तर ऑफिस सुटल्यावर दोघं फाउंटनच्या स्टॉपवर उभे राहायचे आणि दोन बस सोडायचे. तिसरीत चढायचे. दोन बसच्या मधली वेळ एवढाच त्यांचा संसार. कधी पाऊस असला तर एकाच छत्रीत तीन बस. घरी उशीर का झाला विचारलं तर बसला गर्दी होती म्हणून सांगायचे. “एकदा तुझी आजी म्हणाली,” बाबा नातीला सांगत होते, “की आज चार बस सोडू या. मी विचारलं, का? तर म्हणाली, आज पगार झालाय, भुईमुगाच्या शेंगा घेऊ.”

सिनेमा पडद्यावर थांबलेलाच होता. बाबा पाऊण तास बोलत होते. कन्या बसचे नंबर विचारत होती आणि त्यांना ते पाठ होते. साडेनऊ होऊन गेले तरी ‘मी पडतो आता’ आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना आम्हाला सुचलं, की आपल्या सिद्धांतात एक खोली राहून गेली होती. लग्न झालं की सिनेमा संपतो हे आम्ही गृहीत धरलं होतं. पण ‘मुंबईचा जावई’ आठवतो का? राजा ठाकूर यांचा, 1970 सालचा. त्यावरून बासूदांनीच 1972 साली जया भादुरीला घेऊन ‘पिया का घर’ केला. लग्न रीतसर झालंय, कुणाचा विरोध नाही, घरचे लाड करताहेत, आणि नव्या जोडप्याला मुंबईच्या चाळीत एकांत मिळत नाही एवढीच गोष्ट. सारा सिनेमा त्यावर उभा आहे. म्हणजे पुन्हा ती दोरीवरची घोंगडीच! फक्त इथे घोंगडीच्या पलीकडे अख्खं कुटुंब झोपलंय. अमेरिकेत चार बेडरूमच्या घरात आपण दोघं दोन टोकांना दोन लॅपटॉप घेऊन बसतो. त्या विषयावर सिनेमा काढणारा कुणी भेटला तर पाहायला हवा.

सहाव्या शनिवारी सई परांजपे यांचा ‘चश्मेबद्दूर’ पाहिला. दीप्ती नवल चमको पावडरचा फेस दाखवते तो प्रसंग अजूनही तसाच ताजा आहे आणि सईद जाफरीचा पानवाला तर लाजवाब. पण मतदान आधीच झालं होतं. चार विरुद्ध शून्य.

गेल्या फेब्रुवारीत, बाहेर सहा इंच बर्फ असताना, हॉलमध्ये ‘छोटी सी बात’ लागला. एकशे चाळीस माणसं आली. प्रोजेक्टर सुरुवातीला रुसला, समोसे कमी पडले, नेहमीप्रमाणे. कन्येने दोन मिनिटांचं प्रास्ताविक केलं आणि तिचा आक्षेप स्वच्छ मराठीत सांगितला. काही काकांना तो आवडला नाही, बऱ्याच काकूंना आवडला. अमिताभ पाहुणा म्हणून पडद्यावर आला तेव्हा टाळ्या पडल्या. कर्नलने शिकवलेले डाव उलटवून अरुण नागेशला बुद्धिबळात आणि टेबल-टेनिसमध्ये लोळवतो, तिथे दहा-बारा वर्षांची पोरं सगळ्यात जोरात हसली. मध्यंतरात आम्ही बाबांना शोधत होतो. ते कॉफीच्या टेबलाजवळ त्यांच्याच वयाच्या पाच-सहा जणांच्या घोळक्यात उभे होते आणि कोणत्या सालापर्यंत फाउंटनहून गिरगावला कोणती बस जात असे यावर हिरिरीने वाद घालत होते. दोन काकू त्यांना चूक ठरवत होत्या.

पुढच्या हिवाळ्यासाठी त्यांनी आत्ताच ‘मुंबईचा जावई’ सुचवला आहे. त्याची स्वच्छ प्रत कुणाकडे असल्यास कृपया मंडळाच्या चिटणिसांना कळवावे. इंग्रजी सबटायटल्सची सोय घरीच होणार आहे. आजोबा एकेक वाक्य समजावून सांगतील, नात लिहून घेईल, असं ठरलंय. पहिली बैठक येत्या रविवारी आहे आणि आम्हाला त्यात बोलावलेलं नाही.